मुखवट्यामागे कोण? – हस्तलिखिताच्या कामाच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

यंदाच्या हस्तलिखिताचा विषय ठरला. कार्टून मालिकांमधले मुखवटा घातलेले खलनायक, आणि मुखवटा उतरण्याआधी प्रेक्षकांनी बांधलेले तर्क. हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला आमचं वाचनालय आहे. बालविभागात सहावी ते दहावीची मुलं येतात आणि दर वर्षी उन्हाळ्यात एक अंक हाताने लिहून काढतात. विषय मुलांनीच मांडला. "तो कोण आहे" यावरून त्यांची मधल्या सुट्टीत जी भांडणं होतात, ती कागदावर आणण्याजोगी आहेत असं मलाही मनापासून वाटतं.

पद्धत अशी ठरली: मालिका एकत्र पाहायची, गुपित फुटण्याच्या अलीकडे थांबायचं, प्रत्येकाने आपला तर्क लिहून पाकिटात बंद करायचा. तर्कासोबत दोन गोष्टी सक्तीच्या. कोणत्या प्रसंगावरून तसं वाटलं, आणि पुढे काय दिसलं तर हा तर्क मोडेल. ही दुसरी अट माझी. मुलांना ती जाचक वाटली. पण जो तर्क कशानेच मोडत नाही, तो तर्क नव्हे, तो हट्ट. तो अंकात येणार नाही, हे आजच सांगून टाकलं.

मालिका चार घेतल्या: ‘द लेजंड ऑफ कोरा’चं पहिलं पर्व, ‘नारुतो’, ‘मिरॅक्युलस’ आणि ‘टीन टायटन्स’. मुख्य काम कोरावर. तिचं पहिलं पर्व फक्त १२ भागांचं आहे, सगळं मिळून पाच तासांच्या आत बसतं, आणि मुलांपैकी कुणीच ते पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे, पण मी तर्क करणार नाही.

१६ मार्च, रविवार

शिमगा. मुलं वाचनालयात फिरकणार नाहीत हे गृहीतच होतं, म्हणून मीच वह्या घेऊन खेळ्यांच्या मागे गेले. संकासूर आला, शिमग्यातलं मुखवट्याचं सोंग. काळा झगा, उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं, चेहरा पूर्ण झाकलेला. लहान पोरं किंचाळत आयांच्या मागे लपली आणि मोठी पोरं लगेच कामाला लागली: आत कोण आहे?

मी फक्त ऐकत होते. एकाने पाय पाहिले. दुसरा म्हणाला, "चालीवरून तो नाय, तो डावीकडे झुकतो." नववीतली एक मुलगी मात्र संकासुराकडे बघतच नव्हती. ती गर्दीकडे बघत होती. विचारलं तर म्हणाली, "ताई, तो आला की कोण दिसेनासा होतो ते बघायचं. मग त्याला बघायची गरजच नाय."

हे वाक्य तिथल्या तिथे वहीत उतरवलं. अंकाचा पहिला नियम हाच राहील: मुखवटा समोर असताना कोण गैरहजर आहे? कार्टूनच्या भाषेत सांगायचं तर, दोघं कधी एका चौकटीत दिसले का?

२३ मार्च, रविवार

प्रस्तावनेसाठी ‘स्कूबी-डू’चे दोन भाग पाहिले. मालिका १९६९ सालची. भूत शेवटी माणूस निघतं, मुखवटा ओढला की आधी भेटलेला कुणीतरी बाहेर येतो. दुसऱ्या भागातच सातवीतल्या मुलाने सुरुवातीच्या पाच मिनिटांत गुन्हेगार सांगितला. कारण? "हा माणूस उगाच दाखवलाय. त्याचं गोष्टीत दुसरं कामच नाही."

उत्तर बरोबर आलं, पण त्यावर बराच वेळ बोललो. त्याने गोष्टीच्या आतला पुरावा वापरला नव्हता. गोष्टी कशा रचतात याचा अंदाज वापरला होता. दोन्ही चालतं, पण दोन्ही एकच नव्हे. आतला पुरावा आणि बाहेरचा पुरावा असे दोन रकाने वहीत आखले. संकासुराच्या बाबतीत बाहेरचा पुरावा म्हणजे, यंदा झगा कुणाच्या घरी धुतला हे माहीत असणं. हे उदाहरण मुलांनीच दिलं.

चाल आणि आवाज हे पुरावे चित्रात चालतील का, हाही प्रश्न आला. संकासुराची चाल त्या माणसाची असते, लपवू म्हटलं तरी लपत नाही. चित्रातला माणूस मात्र चित्रकार चालवील तसा चालतो. तो झुकला तर कुणीतरी त्याला मुद्दाम झुकवलेलं असतं. आवाजाचंही तसंच, एकच कलाकार अनेक पात्रांना आवाज देतो. म्हणजे चित्रमालिकेत सापडलेली खूण ही ठेवलेली खूण असते, कधी खरी वाट दाखवायला, कधी चुकवायला. मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते: तर्क करणारं मूल नकळत रचणाऱ्याच्या डोक्यात शिरून विचार करायला लागतं.

२७ एप्रिल, रविवार

परीक्षा संपल्या. कोराचे पहिले चार भाग पाहिले. संवाद इंग्रजीत आहेत, मी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगते. ही मालिका २०१२ ची, नायिका कोरा. पाणी, माती, अग्नी, वारा यांवर हुकमत असलेली माणसं, म्हणजे ‘बेंडर’, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशी बाकीची जनता. एमॉन हा मुखवटाधारी त्या बाकीच्यांचा पुढारी. तिसऱ्या भागात तो भरसभेत सांगतो की एका अग्नी-बेंडरने माझं कुटुंब मारलं, माझा चेहरा जाळला, म्हणून हा मुखवटा. आणि मग कपाळाला हात लावून बेंडरांची शक्ती कायमची काढून घेतो.

सभेचा प्रसंग मुलांनी दोनदा पाहायला लावला. खोली गप्प होती. दहावीतल्या दोघांना एमॉनचं पटलंच. ज्यांच्याकडे शक्ती आहे ते बाकीच्यांना दाबतात, यात खोटं काय, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. खलनायकाचं म्हणणं आधी पटणं ही चांगली सुरुवात आहे, तरच मुखवट्याखाली कोण निघतो याला किंमत.

४ मे, रविवार

पहिली पाकिटं. चार भागांवरून बांधलेले तर्क.

सर्वाधिक मतं टारलॉकला. तो नगरसभेतला गोडबोल्या पुढारी, कोराला आपल्या पथकात ओढणारा. बहुतेकांचा पुरावा बाहेरचा: "गोड बोलतो म्हणजे तोच." मोडण्याची अट एकाने नेमकी लिहिली होती: एमॉन आणि टारलॉक समोरासमोर आले तर तर्क मागे. शाबास.

दोघांनी लिहिलं की मुखवट्याखाली माणूसच नाही, कुठलातरी आत्मा आहे, कारण शक्ती काढून घेणं माणसाला जमत नाही. यावर एका मुलाने हरकत घेतली: ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या आधीच्या मालिकेत तिचा नायक आंग याने ते केलं होतं, म्हणजे जमतं. पण आंग अवतार होता, चारही शक्ती असलेला. हा वाद इतका चांगला चालला की तो तसाच्या तसा अंकात संवादरूपात घ्यायचा.

आणि मग त्याच नववीतल्या मुलीचं पाकीट. त्यात नावच नव्हतं. लिहिलं होतं: "त्याने सांगितलेली गोष्ट खोटी आहे. जखम सांगितली, दाखवली नाही. तो स्वतः बेंडर आहे. हात लावून शक्ती काढणं हीपण एक शक्तीच. त्याला कुणाचा वार लागत नाही हेपण बघा. तो एकदा खरोखर असहाय झालेला दिसला तर माझं चुकलं."

बाकीची मुलं म्हणाली, हा तर्क बाद करा, नाव कुठे आहे? मी पाकीट ठेवून घेतलं. विषय ‘मुखवट्यामागे कोण’ असला तरी ‘कोण’ याचं उत्तर नेहमी नावच असतं असं नाही. तो कसला माणूस आहे, हे कळणं त्याच्या नावापेक्षा पुष्कळ कठीण.

११ मे, रविवार

चाकरमानी आले आणि त्यांच्याबरोबर अडचण आली. डोंबिवलीहून आलेला एक भाचा दारातच म्हणाला, "कोरा? मला माहितीये एमॉन कोण आहे." मुलांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं, पण आता त्याचं करायचं काय? घालवून देणं वाईट. शेवटी त्याला पाकिटांचा राखणदार केला. काम असं की कोणाचा तर्क कधी खऱ्याच्या जवळ आला, हे त्याने वेगळ्या वहीत लिहायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. पोराने ते फार निष्ठेने केलं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने दुसऱ्याच्या विचाराची वाट बघत बसणं सोपं नाही. त्याच्या वहीला अंकात स्वतंत्र पान देणार.

आज पाच ते नऊ भाग. नववा भाग सगळ्या मालिकेचा कणा आहे. आंगच्या काळातली आठवण येते: याकोन नावाचा गुंड, भर न्यायालयात सगळ्यांचं शरीर जागच्या जागी जखडतो. माणसाच्या अंगातल्या पाण्यावर, रक्तावर हुकमत. आधीच्या मालिकेत ही विद्या फक्त पौर्णिमेच्या रात्री चालायची, याकोनला चंद्र लागत नाही. आंग त्याची शक्ती काढून घेतो. मग आजच्या काळात टारलॉक तेच करताना पकडला जातो आणि कबूल करतो की मी याकोनचा मुलगा. तेवढ्यात एमॉन येतो. टारलॉक त्याला जखडायला जातो. एमॉन क्षणभर अडखळतो आणि चालतच राहतो.

इथे थांबवलं. टारलॉकवाली पाकिटं एका फटक्यात बाद, दोघं एका चौकटीत आले. संकासुराचा नियम लागू पडला.

दुसरी पाकिटं लगेच लिहायला दिली. त्या मुलीने आपली चिठ्ठी बदलली नाही, फक्त खाली जोडलं: "रक्तावरची हुकमत ज्याच्यावर चालत नाही, त्याला ती येत असणार." आणि सातवीतल्या, स्कूबी-डूवाल्या मुलाने लिहिलं: "याकोनला एकच मुलगा होता कशावरून?" राखणदाराने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. नंतर वहीत पाहिलं, दोन्ही नोंदी त्याने वेळेसकट लिहिल्या होत्या.

१८ मे, रविवार

शेवटचे तीन भाग. पाऊस आल्यासारखं अंधारून आलं होतं, तेवढंच पडद्याला बरं.

बाराव्या भागात टारलॉक सगळं सांगतो. एमॉन म्हणजे नोआटाक, याकोनचा थोरला मुलगा, टारलॉकचा भाऊ. बापाने दोघांना रक्तावरची विद्या बळजबरीने शिकवली. आंगवर सूड उगवायला त्याला मुलं हवी होती. थोरला घर सोडून गेला. खोलीत एकच ओरडा झाला, सातवीतल्या मुलाला खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं.

पण मालिका तिथे थांबत नाही, आणि ती किती नेटकी रचली आहे ते इथे दिसलं. कोरा भरल्या मैदानात ओरडून सांगते की हा पाणी-बेंडर आहे, याचा चेहरा जळलेलाच नाही. एमॉन शांतपणे मुखवटा काढतो. चेहरा जळलेला. लोक कोरालाच खोटं ठरवतात. आमच्या खोलीतही तेच झालं. दोन मुलांनी आपल्या चिठ्ठ्या चुरगाळल्या. एक म्हणाला, "मग टारलॉक खोटं बोलला." ती मुलगी मात्र हलली नाही: "अजून असहाय कुठे झालाय तो?"

काही मिनिटांनी तो खिडकीतून समुद्रात पडतो. बुडायला लागला की हात बांधून घेण्याची सोय नसते. तो पाण्याचा खांब उभा करून वर येतो, सगळ्यांसमोर, आणि चेहऱ्यावरची जखम पाण्याने धुऊन जाते. रंग होता. तिने दोन आठवड्यांपूर्वी जी मोडण्याची अट लिहिली होती, नेमक्या त्याच प्रसंगाने तिचा तर्क सिद्ध केला. असहाय व्हायची वेळ आली, आणि तो असहाय नव्हता.

शेवटी दोघे भाऊ एका बोटीतून निघून जातात. टारलॉक म्हणतो, आता पूर्वीसारखं होईल. आणि तोच मागे बसून इंधनाच्या टाकीला ठिणगी लावतो. यावर कुणी काही बोललं नाही. बंदरातली मुलं आहेत, बोटीवरची आग त्यांना गोष्टीतली वाटत नाही. मी दिवा लावला आणि चहा करायला गेले.

श्रेय कुणाला, यावर संध्याकाळी मतभेद झाले. भाऊ हे नाव मुलाने दिलं. माणूस मुलीने ओळखला. मुलांचा कौल मुलाकडे. माझं मत मुलीच्या बाजूने आहे आणि संपादकीयात तसं लिहिणार. मुलाचा प्रश्न हुशार होता, पण तो नवव्या भागानंतर सुचला. मुलीने सभेतल्या भाषणावरूनच धरलं होतं की जखमेची गोष्ट सांगणारा ती दाखवत का नाही. तिचा तर्क डोक्यात ठेवून तिसरा भाग पुन्हा पाहिला, तर सभेचं सगळं नाटक दिसायला लागतं: कपाळावरचा हात, सावकाश चाल, गर्दीचा श्वास. ज्या तर्काने जुना प्रसंग नवा होतो, तो मोठा.

२३ मे, शुक्रवार

अवेळी पाऊस. तीन दिवस कोसळतोय, वीज येते-जाते. पडद्याचं काम बंद, म्हणून ‘नारुतो’चा विभाग कागदावर सुरू केला. इथे उलटी अडचण: थोरल्या मुलांना सगळं तोंडपाठ आहे. नारिंगी मुखवटेवाला तोबी म्हणजे ओबितो, हे मंगाच्या, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेच्या, ५९९व्या प्रकरणात, २०१२ मध्ये उघड झालं. म्हणून काम उलटं लावलं. उत्तर माहीत आहे, तर सांगा, प्रामाणिक वाचकाला ते सगळ्यात आधी कुठे कळू शकत होतं?

मुलांनी पुरावे मांडले. मुखवट्याला एकच भोक, उजव्या डोळ्याला. नारुतोचा शिक्षक काकाशी याच्या लहानपणीच्या गोष्टीत त्याचा सोबती ओबितो दगडाखाली चिरडतो, त्याची उजवी बाजू अडकते आणि तो आपला डावा डोळा काकाशीला देतो. म्हणजे त्याच्याकडे उरतो तो उजवा. पुढे, तोबी वस्तू आणि माणसं जशी भोवऱ्यासारखी गायब करतो, तशीच काकाशीचा डोळाही करतो. दोन डोळे एकाच जोडीचे. नावातली अक्षरं उलटी होतात, हाही मुद्दा आला, तो आम्ही बाहेरच्या रकान्यात टाकला.

विरोधी पक्ष भक्कम होता. नारुतोच्या जन्माच्या रात्री मुखवटेवाला गावाचा प्रमुख मिनातो याच्याशी लढला, तेव्हा ओबितो जेमतेम १४ वर्षांचा असणार. गावाच्या प्रमुखाशी झुंजणारा पोरगा? शिवाय मुखवटेवाला स्वतःला मादारा, म्हणजे जुन्या काळातला एक नामांकित योद्धा, म्हणवत होता. हा दुसरा मुद्दा आमच्याच नियमाने निकालात निघाला: युद्धभूमीवर खरा मादारा उभा राहिला, मुखवटेवाला वेगळा. वयाची हरकत मात्र शेवटपर्यंत टिकली. त्या काळी हा तर्क नाकारणारे वाचक मूर्ख नव्हते. अंकात हे ठळक यायला हवं.

२५ मे, रविवार

मान्सून आल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं, देवगडपर्यंत पोहोचला म्हणे. मे महिन्यात! आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी अर्धवट राहिलेल्यांची धांदल आहे, त्यामुळे मुलं कमी.

जी आली त्यांच्यासोबत वीज होती तेवढ्यात मिनातोची ती रात्र पाहिली. मुखवटेवाला तान्ह्या नारुतोला धरून उभा आहे. मिनातो विचारतो, तू कोण? मुलं शिक्षकाचा चेहरा बघत होती. कारण ओबितो हा मिनातोचाच विद्यार्थी. शिक्षक आपल्याच मेलेल्या समजलेल्या पोराशी लढतोय आणि त्याला ठाऊक नाही. उत्तर आधी फुटलं तर मजा जाते, असं मुलं म्हणत होती. आज त्यांनीच लिहिलं की हा प्रसंग उत्तर माहीत असतानाच नीट दिसतो.

१ जून, रविवार

मासेमारी बंद झाली, ३१ जुलैपर्यंत. बोटी वर ओढल्या, त्यामुळे मुलांना घरी कामं. ‘मिरॅक्युलस’चा विभाग सहावीच्या मुलींनी जवळजवळ एकट्याने लिहिला. खलनायक हॉक मॉथ म्हणजे गॅब्रिएल अग्रेस्त, नायकाचाच बाप. त्यांचा आवडता भाग ‘द कलेक्टर’: आपल्यावर संशय आलाय हे कळताच गॅब्रिएल स्वतःलाच आपल्या जादूचा बळी करून घेतो. बळी आणि गुन्हेगार एकच कसे असतील, असं समजून नायक-नायिका संशय सोडतात. मुलींनी समासात लिहिलंय: "एका चौकटीचा नियम हॉक मॉथलापण माहीत होता." आमचा नियम कुठे फसतो याचं याहून नेमकं उदाहरण मला सुचलं नसतं. पान छोटंच आहे, तसंच ठेवलं.

८ जून, रविवार

उरला रेड एक्स. ‘टीन टायटन्स’मध्ये पहिल्यांदा या मुखवट्याखाली खुद्द टायटन्सचा पुढारी रॉबिनच निघतो. पुढे तो पोशाख चोरून दुसराच कुणी रेड एक्स होतो, आणि २००६ साली मालिका थांबली तरी तो कोण हे सांगितलेलं नाही. मुलं चिडली. उत्तरच नसेल तर पाकिटं कशाला? राखणदार डोंबिवलीला परत गेलाय, पण त्याने निरोप धाडला की हा विभाग सगळ्यात मोठा करा, कारण इथे कुणीच आपल्यापुढे नाही.

मला ते पटलं. सहा तर्क घेतले, प्रत्येकाखाली मोडण्याची अट. शाई उडू नये म्हणून पानं भाताच्या कोठीवर दोरीला वाळवायला टाकली आहेत, हवेत ओल फार. बांधणी शाळा सुरू होण्याआधी, १६ तारखेच्या आत. शेवटची चार पानं कोरी सोडली. वाचकाने आपला तर्क पेन्सिलीने लिहायचा, प्रसंग आणि अट दोन्ही देऊन. नुसतं नाव लिहिलेलं खोडलं जाईल.